वीतभर जागा

थोरला गेला, तरी धाकट्याला कोणी थोरला म्हणायला लागलं नाही. बेचाळीस वर्षांचं वय, निम्मे केस पिकलेले, पण हाक यायची ती ‘अरे धाकट्या’ अशीच. त्याला त्यात काही खटकत नसे. त्या दिवसांत त्याला कशातच काही खटकत नसे. भाजीत मीठ नसलं तरी तो जेवायचा, उठायचा आणि हात धुवायचा.

दोघे भाऊ सुतार. पुराचं पाणी चर्चमध्ये अकरा दिवस कमरेएवढं होतं. बाकं तरंगली, भिंतींवर आपटली, खिळखिळी झाली. पाणी ओसरायची वाट न बघता थोरला आत शिरला आणि फळ्या खांद्यावर घालून बाहेर आणू लागला. धाकटा दारात उभा राहून त्या घेत होता. गढूळ पाण्यात एका फळीतला खिळा थोरल्याच्या तळपायात घुसला आणि तिथंच राहिला. तो लंगडत घरी आला. त्याच्या बायकोनं त्याला उंबऱ्यावर बसवून पकडीनं खिळा उपसला आणि फडकं बांधलं. “एवढ्याशा खिळ्यानं कोण मरतंय,” असं म्हणून तो हसला आणि पुन्हा पाण्यात गेला. नवव्या दिवशी त्याचा जबडा मिटला तो उघडलाच नाही. गावभर बोलणारा माणूस दात आवळून गेला.

जाता जाता पुरानं एक भलंमोठं झाड चर्चच्या भिंतीशी आणून टाकलं होतं. मंडळीनं ठरवलं, याचीच नवी बाकं करायची. पिठाची गिरणी चालवणारा गिरणीवाला हा मंडळीचा वडील, म्हणजे पाळकांच्या खालोखाल त्याचा शब्द. त्याचं मत वेगळं पडलं. “प्लास्टिकच्या खुर्च्या आणू. पाणी आलं तर तरंगतील, गेलं की पुसून घेऊ.”

“खुर्चीवर माणूस एकटाच बसतो,” पाळक म्हणाले. “बाकच बरं.”

मग सगळ्यांनी धाकट्याकडे बघितलं. तो हो म्हणाला की नाही, हे त्याचं त्यालाही नंतर आठवेना. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओंडक्यापाशी उभा होता, म्हणजे हो म्हणाला असणार.

ओंडका चिरायची करवत दोघांची असते. एका मुठीला एक, दुसऱ्या मुठीला दुसरा. वीस वर्षं पलीकडच्या मुठीला थोरला होता. धाकटा त्या रिकाम्या मुठीकडे बघत तासभर बसून राहिला. ऊन अंगावर आलं तरी हलला नाही. तेवढ्यात वहिनी आली. थोरल्याला माती देऊन सोळा दिवस झाले होते. तिनं पदर खोचला आणि मूठ धरली.

“ओढा, भाऊजी.”

“वहिनी, तुम्ही कशाला? हे काय बाईमाणसाचं काम आहे?”

“मग कुणाचं आहे ते सांगा. त्याला बोलावून आणते.”

त्यानं करवत ओढली. पहिल्या दिवशी पातं जेमतेम चार बोटं आत गेलं. वहिनी आपलं टोक सोडायच्या ऐवजी ढकलायची, पातं वाकायचं, अडकायचं. “ढकलू नका. मी ओढली की नुसती हलकी धरा,” एवढंच तो सांगायचा. तिच्या तळहातांना फोड आले, फुटले, त्यावर तिनं फडकं गुंडाळलं. आठवड्याभरात तिची लय बसली. पण एवढ्या दिवसांत तिनं एकदाही मान वर करून त्याच्याकडे बघितलं नाही. नजर ओंडक्यावर सुतानं मारलेल्या रेघेवर आणि भुसा दोघांच्या पायांवर. बोलणं नाही. घरी येऊन दोघं एकाच रांजणातलं पाणी पायांवर घ्यायची, आधी ती, मग तो.

फळ्या निघाल्या, त्या चर्चच्या ओसरीवर एकीवर एक रचून वाळत ठेवल्या. कच्च्या लाकडाची बाकं करून चालत नाही, वर्षात वाकडी होतात. मंडळी तोवर शाळेच्या पडवीत उपासनेला जमत होती. धाकटा गेला नाही. पहिल्या रविवारी पाठ धरली होती. दुसऱ्या रविवारी हत्यारांना धार लावायची होती. पुढे पुढे तो कारण द्यायचाही कंटाळा करू लागला.

“अहो, पाळक विचारत होते,” त्याची बायको म्हणाली.

“काय विचारत होते?”

“कसे आहेत म्हणून.”

“मग सांगायचं, आहेत.”

“तेच सांगितलं,” बायको म्हणाली आणि पीठ मळत राहिली.

खरं सांगायचं तर देव हा थोरल्याच्या ओळखीचा होता. चर्चमध्ये गीत थोरला उचलायचा, प्रार्थना थोरला करायचा, कुणाच्या घरी आजारपण असलं तर डोक्यावर हात ठेवायला थोरला जायचा. धाकटा मागून पिशवी धरून. एखाद्या मोठ्या माणसाच्या घरी भावाबरोबर जावं, चहा प्यावा आणि भावाबरोबर परत यावं, तसं त्याचं चाळीस वर्षं चाललं होतं. आता त्या घरी एकट्यानं जायचं तर दारात काय म्हणून सांगायचं? मी कोण? त्यानं दोन-तीनदा डोळे मिटून बघितले. आत काहीच हललं नाही. रडूही आलं नाही. डोळे उघडले तर समोर तोच रंधा, तीच पटाशी.

आणि दुसरं एक होतं, ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. थोरला लाकडात खिळा मारत नसे. एका फळीचं तासलेलं टोक, म्हणजे कुसू, दुसरीच्या खाचेत बसवायचं, गिरमिटानं भोक पाडायचं, लाकडाचीच खुंटी ठोकायची. खिळा म्हणजे आळशी माणसाचं काम, असं तो म्हणायचा. तीन वर्षांपूर्वी थोरला तापानं पडला असताना एका बाकाचा पाय निखळला होता. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये लग्न. धाकट्यानं घाईघाईनं दोन खिळे मारले, वर भुसा आणि लाकूड चिकटवायचा सरस चोळला आणि गप्प बसला. चर्चच्या सगळ्या बाकांत मिळून लोखंड होतं ते तेवढंच. थोरल्याच्या पायात दुसरा कुठला खिळा जाणारच नव्हता.

फळ्या वाळल्या तेव्हा सकाळी हवेत गारवा आला होता. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्च उघडायचं ठरलं आणि धाकट्यानं मापं घ्यायला काढली. बाकाचं माप टेपनं घ्यायचं नाही, ही थोरल्याची पद्धत. टेपला काय ठाऊक कोण जाड, कोण रोड? अंगणात दोन लाकडी घोड्यांवर लांब फळी टाकायची. एकेका घरानं यायचं, फळीवर ओळीनं बसायचं. प्रत्येकाला त्याच्या अंगाएवढी जागा आणि वर एक वीत. ती वीत कशाला, तर गाताना छाती फुगते, तिला जागा नको? शेवटच्या माणसाच्या पुढे वीत टेकवायची, पेन्सिलीची रेघ ओढायची, झालं त्या घराचं बाक.

गिरणीवाल्याचं घर नऊ जणांचं. त्याची बायको बसली तशी फळी कुरकुरली.

“अरे धाकट्या, हिला वेगळी वीत देऊ नकोस,” गिरणीवाला ओरडला. “हिची वीत आधीच बाहेर आलीय.”

“तुमच्याच गिरणीचं पीठ आहे हे,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या घरचं नाही खाल्लं.”

सगळे हसले. धाकट्यानंही ओठ ताणले, कारण त्या वेळी ताणायचे असतात हे त्याला माहीत होतं. शिंप्याचं घर आलं. शाळेच्या बाई एकट्या, त्यांना शिंप्याच्या बाकावर मोजलं. एकेक घर करत तेरा घरं झाली. शेवटी त्याच्या घरच्या चौघी बसल्या. म्हातारी आई, वहिनी, वहिनीची तेरा वर्षांची मुलगी आणि त्याची बायको. त्यानं वीत टेकवली, रेघ ओढली आणि पेन्सिल कानावर ठेवली.

“चौदा,” पाळक म्हणाले. “लाकूड पुरेल ना?”

“पुरेल. उरणार मात्र नाही.”

मग महिनाभर तो नुसता काम करत होता. रंधा मारायचा, कुसू काढायचं, भोकं पाडायची, खुंट्या तासायच्या. एका बाकाला बत्तीस खुंट्या. वहिनी बाजूला बसून खुंट्या कानशीनं घासायची. गिरणीवाला रोज एकदा येऊन घड्याळ बघितल्यासारखा बाकांकडे बघायचा.

“अरे, खिळे मार ना बाबा. चार ठोके की काम तमाम. रविवारी लोक बसणार कशावर, तुझ्या खुंट्यांवर?”

“खिळा नाही मारणार.”

“मग मी मारतो. आण हातोडी.”

“हात लावून बघा,” धाकटा म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण हातात पटाशी होती आणि ती खाली ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं. गिरणीवाला दोन पावलं मागे सरला. “चांगलं सांगायला जावं तर,” असं पुटपुटत निघून गेला. वहिनी कानस थांबवून बघत होती. मग तिनं पुढची खुंटी घेतली.

शनिवारी दुपारपर्यंत चौदाही बाकं आत लागली. ज्याचं बाक जिथं होतं तिथंच. भिंतींना नवा चुना होता, पण पाण्याची रेघ त्याखालून कमरेच्या उंचीला पिवळसर दिसतच होती. पुतणी आजीला हाताला धरून घेऊन आली. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. तिला बाकं बघायची होती, म्हणजे हातानं. डावीकडच्या तिसऱ्या बाकापाशी ती थांबली आणि एका टोकापासून विती टाकत दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मग परत उलटी आली.

“हे कुणाचं बाक?”

“आपलं,” धाकटा म्हणाला.

“आपलं नाही हे. हे चौघांचं आहे.”

“आई, दादा नाही आता.”

“त्याला धरलाच नाही मी. मला आंधळी समजतोस का?” म्हातारी म्हणाली. तिनं एकेक बोट दुमडलं. “मी. थोरली. पोरगी. धाकटी. आणि तू?”

धाकटा बाकाकडे बघत राहिला. थोरला होता तेव्हा तो रेघ ओढायचा आणि धाकट्याला फळीवर बसवायचा. मग पेन्सिल धाकट्याच्या हातात देऊन स्वतः बसायचा. या वेळी सगळं गाव फळीवर बसून गेलं, आणि पेन्सिल ज्याच्या हातात होती तो उभाच राहिला होता.

“मी मोजत होतो,” तो म्हणाला.

“मोजणारा काय हवेत बसतो?”

गिरणीवाला खिडक्या पुसत होता. त्याला हसू आवरेना. “सुतारानं स्वतःलाच कापून टाकलं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.” पण मग म्हातारीचा चेहरा बघून तो म्हणाला, “एक फळी निघते का बघ कुठून तरी.”

“नाही निघत. भुसा उरलाय,” धाकटा म्हणाला. “असू दे. मी दारात उभा राहीन. मला काय, उभं राहायची सवयच आहे.”

हे बोलताना त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. इतक्या महिन्यांत आत काही हललं असेल तर ते एवढंच. जागाच नाही म्हटल्यावर बसायचा प्रश्न मिटला होता.

सगळे गेल्यावर तो हत्यारं गोळा करू लागला. वहिनी भुसा झाडत होती. झाडता झाडता ती त्या बाकापाशी आली आणि केरसुणी थांबली.

“भाऊजी, दारात कशाला उभे राहणार? खिळ्यामुळे का?”

धाकट्याच्या हातात गिरमिट होतं. ते त्यानं पिशवीत घातलं, परत काढलं, परत घातलं.

“कुठला खिळा?”

“खिळा मीच उपसला ना पायातून. पकडीत धरून बघितला. त्याला सरस लागलेला होता. आपल्या घरात ते कधी खिळा मारत नव्हते, हे मला नाही माहीत? मग दुसरं कोण मारणार?”

“तेव्हापासून माहीत आहे तुम्हाला?”

“तेव्हापासून.”

“दादाला?”

“त्यांनी हातात घेऊन बघितला आणि हसले. म्हणाले, गाढवानं सरस तरी चांगला लावायचा.”

धाकटा खाली बसला. बाकावर नाही, फरशीवर. बाहेर शिंप्याचं मशीन चालू होतं, त्याचा आवाज येत होता.

“मग बोलला का नाहीत, वहिनी? इतके दिवस समोरासमोर करवत ओढली आपण.”

“बोलून करवत हलकी होणार होती का?” ती म्हणाली. “राग होता. तुमचं तोंड बघवत नव्हतं म्हणून रेघेकडे बघायचे. अजूनही आहे राग. खोटं कशाला बोलू?”

“मला माफ...”

“रोज सकाळी करते,” वहिनी म्हणाली. “संध्याकाळपर्यंत टिकत नाही. दुसऱ्या दिवशी परत करते. पाळकांना विचारलं मी, असं चालतं का. ते म्हणाले, त्यांनाही दुसरी रीत माहीत नाही.”

तिनं भुसा सुपात भरला. दारापाशी जाऊन ती वळली. “उद्या या. आईंनी मघापासून तीनदा विचारलंय, हा बसणार कुठे म्हणून. मला उत्तर देता येत नाही.”

रविवारी तो आला. धुतलेला सदरा होता, दाढी केलेली. घंटा झाली, घरं आपापल्या बाकांवर बसत गेली. नव्या लाकडाचा वास सगळ्या चर्चमध्ये भरला होता. रेघा बरोबर उतरल्या होत्या. गिरणीवाल्याचे नऊ जण नऊ जागांत, मध्ये वीत वीत. शाळेच्या बाई शिंप्याच्या बाकाच्या कडेला. कुणी कुणाला टेकत नव्हतं. चांगलं काम झालंय, असं धाकट्याला परक्या सुताराचं काम बघितल्यासारखं वाटलं. तो दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला.

पाळकांनी पुस्तक उघडून गीताचा आकडा सांगितला. आणि कुणीच गाईना. इतकी वर्षं पहिला शब्द थोरला उचलायचा, मग बाकीचे मागून यायचे. पडवीत कसं भागवत होते कोण जाणे, पण इथं, या भिंतींत, सगळे त्याचीच वाट बघत बसले. गिरणीवाला खाकरला. कुठलं तरी लहान मूल बोललं आणि त्याला गप्प केलं गेलं. शेवटी पाळकांनीच सूर धरला, तोही फार वर. दोन ओळींतच लोकांचे गळे ताणले गेले. तरी कुणी थांबलं नाही.

त्या ताणलेल्या सुरातच म्हातारी सरकली. धाकट्याला तिची पाठ दिसत होती. भिंतीकडच्या टोकाला बसलेल्या आईनं आपली वीत सोडून भिंतीला अंग लावलं. शेजारची पुतणी आजीला चिकटली. मग बायको सरकली. वहिनी वाटेकडच्या टोकाला होती. तिनं क्षणभर काही केलं नाही. मग तिनंही पदर आवरला आणि आत सरकली. चौघींच्या वितींतून निघाली तेवढी जागा बाकाच्या कडेला एकत्र आली. ती एका रोड माणसाची जागा होती, हे सुताराला कुणी सांगावं लागत नाही.

वहिनीनं मागे बघितलं. सरळ त्याच्या तोंडाकडे. गाता गाताच तिनं तळहात त्या जागेवर आपटला. बस, म्हणून.

दारापासून तिसऱ्या बाकापर्यंत जायला धाकट्याला फार वेळ लागला. लोक बघत होते. चोरून बघत होते, त्यामुळे जास्तच कळत होतं. तो बसला. एक मांडी बाकावर, दुसरी निम्मी बाहेर. वहिनीचा खांदा त्याच्या दंडावर दाबला गेला. तिचा तळहात मांडीवर उघडा होता आणि त्यावर करवतीचे घट्टे होते, थोरल्याच्या हाताला असायचे तिथंच. इतकं घट्ट बसल्यावर श्वास पुरा घेता येत नव्हता. गीत गाणं त्या बाकावर पाचही जणांना अवघड झालं होतं. थोरला असता तर ओरडला असता.

गीत संपलं. पाळक म्हणाले, “आपण प्रार्थना करू या.” माना खाली गेल्या. धाकट्यानं डोळे मिटले. आत पूर्वीसारखंच होतं. अंधार आणि त्यात काही नाही. आतापर्यंत अशा वेळी तो थोरल्याचा आवाज ऐकत राहायचा आणि शेवटी आमेन म्हणायचा. आज त्याच्या वतीनं बोलणारं कुणी नव्हतं. आपल्याला प्रार्थना येत नाही, हे त्याला माहीत होतं. कुणाच्या दारात उभं राहिल्यावर आधी नाव सांगतात, एवढंच येत होतं.

‘मी,’ तो मनात म्हणाला. ‘धाकटा. खिळा माझा होता.’

वहिनीनं श्वास घेतला, तो त्याच्या बरगडीला कळला. त्याचा बाहेरचा पाय भरून आला, मुंग्या चढल्या. उठून दारात जावं, असं एकदा वाटलं. पण उठायचं तर चौघींना परत सरकावं लागलं असतं. तो बसून राहिला.